आवेशाने तण मरते काय?

वाईट गोष्ट दृष्टीस पडली असता मनुष्याने काय करावे, या प्रश्नास बहुतेक सज्जन एकच उत्तर देतील: ती तत्काळ उपटून टाकावी. या उत्तरात काही चूक आहे असे सहसा कोणास वाटत नाही. ज्याच्या मनात वाइटाविषयी चीड नाही, त्याच्या चांगुलपणाविषयीही आपणांस शंका येते. आणि ज्याच्या मनात ती आहे, त्याचे अर्धे काम झालेच असे आपण धरून चालतो. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच धरून चाललो होतो. परंतु आवेश एकटा पुरेसा आहे काय, आणि तो नेहमी हितकारकच असतो काय, हा प्रश्न एका क्षुद्र वनस्पतीने आमच्यापुढे उभा केला. तिचे नाव लव्हाळा. ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. निदान तशी ती आहे असे आपणांस वाटते. आज तिच्याविषयी काहीसे सविस्तर लिहावयाचे योजिले आहे. ज्यांच्या अंगणात अथवा शेतात ती आहे, त्यांस यातील माहितीचा उपयोग होईल. आणि ज्यांच्या येथे ती नाही, त्यांसही आमच्या चुकीपासून काही घेता येईल.

आम्ही राहतो त्या गावी प्रार्थनामंदिरासमोर एक मोकळे पटांगण आहे. पूर्वी तेथे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल यांखेरीज दुसरे काही नसे. काही वर्षांपूर्वी तरुण मंडळींनी मनावर घेऊन ती जागा सपाट केली, ओढ्याकाठच्या एका मळ्यातून गाळाची माती आणून पसरली, आणि हरळीचे तुकडे वीतवीत अंतरावर लावून त्यांस पाणी घातले. दुसरा पावसाळा येईपर्यंत चांगली हिरवळ तयार झाली. लहान मुले तेथे खेळू लागली. सायंकाळी म्हातारी माणसे येऊन बसू लागली. लग्नकार्यात पंगतीही तेथेच बसू लागल्या. ज्या गावात सुंदर म्हणून दाखविण्यासारखे फार थोडे असते, तेथे अशा एवढ्याशा हिरव्या जागेचे मोल किती असते, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

त्याच पावसाळ्यात हरळीच्या मधून मधून गडद हिरवी, चकचकीत अशी काही पाती वर आली. ती पाहून आम्हांस आनंदच झाला. हरळी आता जोम धरू लागली आहे, असे आम्ही चार लोकांस सांगितलेही. पुढे असे दिसून आले की, गवत कापण्याचे यंत्र फिरविले की दोनच दिवसांत ही पाती पुन्हा वर डोकावतात, आणि भोवतालची हरळी मात्र कापली होती तेवढीच राहते. तेव्हा कोठे हे दुसरे काही आहे, अशी आमची खात्री झाली. मग एका शनिवारी आम्ही सर्वांस बोलावले. पंचवीसएक माणसे जमली. हातांनी ओढून ओढून पाती उपटण्यात आली. जेथे ती फार दाट होती, तेथे तरुणांनी कुदळीने जमीन खालीवर करून घेतली. दुपारपर्यंत कमरेइतका ढीग झाला. आम्ही सर्वांचे आभार मानले, चहा झाला, आणि एकजुटीने काम केले असता कोणतेही वाईट टिकत नाही, अशा अर्थाचे दोन शब्दही आम्ही बोललो.

बारा दिवसांनी पटांगणाची जी स्थिती झाली, ती पाहून आम्हांस आपलेच शब्द आठवून लाज वाटली. पूर्वी जेथे एक रोप होते तेथे तीन झाली होती. आणि जेथे कुदळ चालली होती, तेथे तर हरळी दिसेनाशी होऊन लव्हाळ्याचेच रान माजले होते.

त्या वेळी आमच्या मंडळीतील एक आजी तेथे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. सारा जन्म लोकांच्या शेतांत निंदणी-खुरपणी करण्यात गेलेला. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही त्याचे केस उपटले. त्याचं डोकं खाली जमिनीत हाय.” असे म्हणून त्यांनी कमरेचे खुरपे काढले, एका रोपाच्या बाजूने वीतभर खणले, आणि माती हळूच बाजूस सारून एक काळी, खरबरीत गाठ दाखविली. ती सुपारीहून लहान होती. तिच्यापासून तारेसारखे बारीक व चिवट मूळ निघून दुसऱ्या गाठीस मिळाले होते, दुसरीपासून तिसरीस, आणि अशी ती साखळी पुढे गेली होती. वर एकच रोप. खाली सहा गाठी.

आम्ही विचारले, “आजी, मग हे तुम्ही त्या शनिवारीच का नाही सांगितलं?”

त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही सगळे लई जोरात होता. जोरात असलेल्या माणसाला कुणी काय सांगावं?”

वाचकहो, या उत्तरात आमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा आहे. आवेशाचा पहिला दोष हा की तो ऐकत नाही. तो ज्यास शत्रू समजतो, त्याची ओळख करून घेण्यास त्यास सवड नसते. म्हणून प्रथम लव्हाळा ओळखावा कसा, हे सांगतो.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. पहिली खूण दांड्याची. ज्या दांड्यावर तुरा येतो, तो बोटांच्या चिमटीत धरून फिरवावा. गवताची काडी बहुधा वाटोळी असते आणि तिला पेरे असतात. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, भरीव आणि पेऱ्यांवाचून असतो. डोळ्यांस हा भेद दिसत नाही, परंतु बोटांस तो तत्काळ कळतो. दुसरी खूण पानांची. गवताची पाने काडीच्या दोन बाजूंस आळीपाळीने येतात. लव्हाळ्याची पाने बुडापासून तीन बाजूंस निघतात. ती हरळीच्या पानांहून जाड, गुळगुळीत व अधिक गडद असतात. तिसरी खूण तुऱ्याची. तो तांबूस-तपकिरी अथवा जांभळट रंगाचा असून त्याच्या खाली दोन-चार पानांसारखी पाती पसरलेली असतात. आणि शेवटची खूण, जी सर्वांत खात्रीची, ती जमिनीखालील गाठींची. गाठ बाहेरून काळपट, आतून पांढरी, आणि फोडली असता सुवासिक असते.

या गाठीवरूनच तिला शास्त्रातील नाव मिळाले आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने इ. स. १७५३ मध्ये हिचे सायपेरस रोटंडस असे नामकरण केले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘वाटोळा’ असा आहे. इ. स. १९७७ मध्ये लीरॉय होल्म व त्यांचे सहकारी यांनी जगातील अत्यंत उपद्रवी तणांविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिले स्थान लव्हाळ्यास दिले आहे, आणि ९२ देशांत व ५२ पिकांत त्याचा उपद्रव होतो असे नमूद केले आहे. आमच्या पटांगणातील शत्रू एवढा नामांकित असेल, याची आम्हांस कल्पनाही नव्हती.

तो एवढा टिकाऊ का, याचे कारण त्या साखळीत आहे. लव्हाळ्याचे बी क्वचितच रुजते. त्याची सर्व भिस्त गाठींवर असते. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात, काही त्याहूनही खोल जातात. साखळीतील एक गाठ फुटून वर आली की ती बाकीच्या गाठींस फुटू देत नाही. त्या जिवंत असूनही निजून राहतात. परंतु साखळी तुटली की हा दाब नाहीसा होतो, आणि निजलेली प्रत्येक गाठ जागी होऊन आपापले रोप वर पाठविते. आमच्या तरुणांनी कुदळीने जे केले, ते हेच. त्यांनी शत्रूचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा नवा शत्रू झाला. त्यांनी काम आळसाने केले असते, तर लव्हाळा कमी वाढला असता.

तो आमच्या येथे आला कोठून? ओढ्याकाठच्या त्या चांगल्या मातीतून. जी गाळाची माती आम्ही हिरवळ व्हावी म्हणून आणली, तिच्यातच गाठी होत्या. चांगल्या कामाबरोबर वाईट असे गुपचूप आत येते, हेही ध्यानात ठेवावे.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. लव्हाळा जातीनेच दुष्ट आहे, असे नाही. आपल्या संत तुकारामांनी आपल्या एका प्रसिद्ध अभंगात लव्हाळ्यास लीनतेचे उदाहरण म्हणून घेतले आहे. ओढ्याकाठी वाढणाऱ्या याच कुळातील इतर जातींसही लोक लव्हाळाच म्हणतात, आणि पुरात वाकून तग धरण्याचा गुण त्या सर्वांचाच आहे. याच्या गाठींस मोथा म्हणतात. वैद्य लोक शेकडो वर्षे त्या औषधांत घालीत आले आहेत. उटण्यात व उदबत्तीत जो नागरमोथा घालतात, तो हाच अथवा याच कुळातील दुसऱ्या जातीचा. उलट पक्षी, जी हरळी आम्ही हौसेने लावली, तीच ज्वारीच्या वा कपाशीच्या शेतात शिरली की शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तिन्ही नावे तो एका दमात घेतो. तेव्हा तण म्हणजे एखादी जात नव्हे. जेथे जे नको तेथे ते वाढणे, एवढाच त्याचा अर्थ. काढणे अवश्य असेल तेथे काढावे. पण द्वेष करण्याचे कारण नाही. द्वेषाने हात घाईवर येतो, आणि घाई हेच तर लव्हाळ्याचे खत होय.

मग त्याचा बंदोबस्त करावा कसा? आजींच्या सांगण्यावरून, आणि पुढे जाणकारांस विचारून व वाचून, आम्ही जे शिकलो ते असे.

प्रथम ओल पाहावी. लव्हाळ्यास पाणी प्रिय. आमच्या पटांगणात नळ गळत होता, आणि त्याच्या भोवतीच रान दाट होते. नळ दुरुस्त केला, आणि हिरवळीस रोज थोडे पाणी देण्याचे सोडून जमीन सुकल्यावर भरपूर देण्याचे ठेविले. दुसरे, गवत अगदी बुडाशी खरडून कापू नये. लव्हाळ्यास सावली सोसत नाही. हरळी बोटभर उंच व दाट राहिली, तर तिच्या सावलीने नवे कोंब दुबळे होतात. ती खरडली, तर आपणच त्यास ऊन मोकळे करून देतो.

तिसरे व मुख्य काम खुरप्याचे. पाने ओढू नयेत. रोपाच्या बाजूने खुरपे खोल घालून माती सैल करावी, आणि गाठीसकट, शक्य तेवढ्या साखळीसकट, सावकाश वर काढावे. हे काम रोपास पाच-सहा पाने येण्याच्या आत झाले पाहिजे, कारण तोपर्यंत ते जुन्या गाठीतील साठ्यावर जगत असते. त्यानंतर ते नव्या गाठी धरू लागते. वाढीच्या दिवसांत याचा हिशेब दर दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी असा येतो. एखादी गाठ राहून गेली तर ती पुन्हा फुटते. दहा-बारा वेळा फुटण्याची शक्ती तिच्यात असते. परंतु प्रत्येक वेळी कोंब पहिल्यापेक्षा दुबळा येतो, आणि शेवटी साठा संपून ती मरते. यावरून हे उघड आहे की, या युद्धात एका दिवशी पंचवीस माणसांनी केलेल्या कामापेक्षा पंचवीस वेळा एका माणसाने केलेले काम अधिक.

काढलेल्या गाठी उकिरड्यावर टाकू नयेत. नाही तर खताबरोबर त्या पुन्हा शेतात जातील. त्या फरशीवर अथवा पत्र्यावर पसरून कडक उन्हात पुरत्या वाळू द्याव्यात. कोरड्या ठणठणीत झालेल्या गाठीत जीव राहत नाही. खुरपी व कुदळी यांस लागलेली माती झटकून मगच त्या दुसरीकडे न्याव्यात. जेथे तो फारच माजला असेल, तेथे चैत्र-वैशाखात तेवढी जागा वीतभर अथवा त्याहून खोल खणून, ढेकळे फोडून, माती चाळून गाठी वेचाव्यात, आणि पावसाच्या तोंडी हरळी पुन्हा लावावी. वर प्लास्टिकचा कागद अंथरून तो मरेल, या भरवशावर राहू नये. त्याचा कोंब इतका टोकदार असतो की तो पातळ कागद फोडून वर येतो.

औषधांविषयी पुष्कळ जण विचारतात. रुंद पानांच्या तणांवरील नेहमीची औषधे यावर फारशी चालत नाहीत, कारण याची जात निराळी. याच्याच कुळावर चालणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल नावाचे औषध आहे. ते आपल्याकडे मुख्यतः उसातील लव्हाळ्यासाठी वापरतात. ग्लायफोसेट गाठीपर्यंत पोहोचते खरे, परंतु ते हरळीसही मारते. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आज्ञा काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या लोकांपुरताच ठेविला. जेथे मुले खेळतात व जवळच विहीर आहे, अशा जागी कृषी खात्याच्या जाणकारास विचारल्याखेरीज आणि डब्यावरील सूचना वाचल्याखेरीज कोणतेच औषध फवारू नये, असे आमचे मत आहे. आम्ही ते वापरले नाही. बाटलीत भरलेला आवेश तो आवेशच, असे आम्हांस वाटले.

असो. एवढे सर्व लव्हाळ्याविषयी झाले. परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली, ती आणखी निराळी आहे, आणि ती सांगताना आम्हांस संकोच होतो.

पटांगणातील त्या शनिवारच्या काही महिने आधीची हकीकत. शेजारच्या एका गावी आमच्या मंडळीतील एक गृहस्थ दारू पिऊ लागले. मनुष्य कामसू, गाणारा, सर्वांच्या उपयोगी पडणारा. गावात चर्चा होऊ लागली. पंचांनी सभा बोलाविली आणि आम्हांस अध्यक्षस्थानी बसविले. आमच्या मनात चीड होती, आणि ती खरी होती. कारण दारूने बुडालेली घरे आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. एका सायंकाळी, पाऊण तासात, सर्वांच्या समक्ष त्यांचे नाव घेऊन दोष सांगण्यात आला, त्यांच्याकडील कामे काढून घेण्यात आली, आणि आम्ही समाधानाने घरी आलो. ढीग कमरेइतका झाला होता.

त्यानंतर काय झाले? त्यांच्या पत्नीने पाणवठ्यावर जाण्याची वेळ बदलली, म्हणजे बायकांचे बोलणे कानी पडू नये. थोरल्या भावाने त्यांचा पक्ष घेऊन मंडळीत येणे सोडले. मेव्हण्याच्या घरीही तेच झाले. मुलगा रात्रीच्या अभ्यासवर्गास येईनासा झाला. दारू थांबली नाही. ती फक्त चव्हाट्यावरून घरात गेली. एका घराच्या दुःखाची तीन घरांत तीन रोपे झाली, आणि ती साखळी आमच्याच हातांनी तुटली होती.

त्या पाऊण तासात आम्ही एक प्रश्न विचारला नाही. हा मनुष्य पिऊ लागला तो का? पुढे फार उशिरा आम्हांस कळले. त्यांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. हंगामात आजारपण आले, काम पुरे झाले नाही, आणि उचल अंगावर राहिली. पुढच्या हंगामाची उचल मागच्या फेडीतच गेली. मुकादमाची माणसे दारी येऊ लागली. ज्या रात्री ती येऊन गेली, त्या रात्री ते प्रथम प्याले. आम्ही दारूचे पान पाहिले; कर्जाची गाठ पाहिली नाही. आणि कर्जाखाली लाजेची आणखी एक गाठ होती. ती तर आमच्या सभेने अधिकच पुष्ट केली.

येथे कोणी म्हणेल, मग दोष पाहून स्वस्थ बसावे की काय? शुभवर्तमानातील गव्हाच्या शेताच्या दृष्टान्तातही निदण कापणीपर्यंत राहू द्यावे असेच सांगितले आहे. मग आपण हात का लावावा? या आक्षेपास आमचे उत्तर असे. त्या दृष्टान्तात निदण म्हणजे माणसे आहेत, आणि कोणते माणूस गहू व कोणते निदण हे ठरविण्याचा अधिकार मनुष्यास दिलेला नाही. परंतु माणसाच्या ठायी असलेला दोष ही निराळी गोष्ट. दोष काढलाच पाहिजे. लव्हाळा राहू दिला तर हरळी मरेल. स्वस्थ बसणे आणि धीर धरणे ही दोन्ही दुरून सारखीच दिसतात, जसे गवत आणि लव्हाळा दुरून सारखेच दिसतात. चिमटीत धरून फिरविले म्हणजे भेद कळतो. स्वस्थ बसणारा काहीच करीत नाही. धीर धरणारा दर पंधरा दिवसांनी खुरपे घेऊन वाकतो.

दुसरा कोणी म्हणेल, आवेशावाचून कोणी वाकणारच नाही. हे खरे आहे, आणि आम्हांस ते मान्य आहे. त्या शनिवारी आवेश नसता तर पंचवीस माणसे आलीच नसती. आवेशाचे काम माणसास घरातून बाहेर काढून पटांगणापर्यंत आणण्याचे. तेथे आल्यावर त्याने खुरपे ओळखीच्या हाती द्यावे आणि आपण बाजूस व्हावे. जो आवेश प्रारंभ करतो तो उपकारक. जो शेवटही मीच करीन म्हणतो, तो साखळी तोडून जातो आणि बारा दिवसांनी काय उगवले हे पाहावयास तेथे नसतो.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो आमच्या वाचकांस विशेष समजेल. दोषास तण म्हणावे. माणसास कधी म्हणू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस या देशात गावाबाहेर ठेवण्यात आले. जेथे ते नकोत तेथे ते उगवले आहेत, अशा दृष्टीने त्यांच्याकडे पाहण्यात आले. माणसास तण समजणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी पुस्तकातून शिकवावयास नको. मग तीच दृष्टी आपण आपल्या पडलेल्या भावाकडे वळवावी, यासारखी खेदाची गोष्ट कोणती? लव्हाळ्याचेही सर्वच वाईट नाही, त्यातून औषध निघते, असे आम्ही वर म्हटले. मग पडलेल्या माणसाविषयी आपण त्याहून कमी आशा बाळगावी काय?

आजींच्या खुरप्याने आमचे डोळे उघडल्यावर आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. पहिल्या खेपेस दार उघडले नाही. दुसऱ्या खेपेस पत्नीने पाणी दिले आणि त्या आत गेल्या. तिसऱ्या खेपेस आम्ही त्यांस म्हणालो, “दादा, त्या सभेत आम्ही चुकलो.” ते काही बोलले नाहीत, परंतु त्यानंतर दार लावले जात नसे. दर पंधरा दिवसांनी जाण्याचा नेम ठेविला. कधी कर्जाचा हिशेब लिहिला, कधी नुसतेच बसलो. बायकांच्या बचत गटाने थोडी रक्कम दिली. भावाने थोडी घातली. मुकादमाशी बोलून हप्ते ठरविले. ते पुन्हा प्यालेच नाहीत, असे लिहिता आले असते तर लेख अधिक गोड झाला असता. पण ते खरे नव्हे. ते आतापर्यंत चार वेळा पडले. प्रत्येक वेळी गावात कोणी ना कोणी म्हणाले की, हा मनुष्य सुधारणार नाही. आम्ही मात्र एवढेच पाहिले की पहिले पडणे दोन महिने टिकले, आणि चौथे दोन दिवस. गाठ फुटते आहे, पण कोंब दुबळा येतो आहे. मुलगा पुन्हा अभ्यासास येऊ लागला आहे. मेव्हण्याचे घर अद्याप आलेले नाही. त्याची जबाबदारी आमच्यावर आहे.

पटांगणाचे म्हणाल, तर तिसरा पावसाळा चालू आहे. हरळी पुन्हा दाट झाली आहे. नळापाशी आणि कुंपणाच्या कडेस अजून काही कोंब येतात. आजींस आता वाकवत नाही. त्या ओट्यावर बसून बोट दाखवितात, आणि आम्ही खुरपे घेऊन त्या जागी जातो. गेल्या शनिवारी सात निघाले. त्यापूर्वीच्या खेपेस अकरा होते.

वाचकहो, तुमच्या गावी अशी एखादी जागा असेल, आणि असे एखादे घरही असेल. तेथे मोठी सभा बोलावण्यापूर्वी एकदा एकट्याने जाऊन, बाजूची माती हळूच सारून, खाली काय आहे ते पाहावे. पाहून झाल्यावर मग हात घालावा. आणि एकदा हात घातला म्हणजे, दहा-बारा वेळा परत येण्याची तयारी ठेवूनच घालावा.